वजीर काढून

१२ डिसेंबर २०२४ ची संध्याकाळ. सिंगापूरला बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदासाठी आपला गुकेश आणि जगज्जेता डिंग लिरेन यांचा चौदावा, म्हणजे शेवटचा डाव चालू होता. इकडे सांगलीत मी आणि माझा भाचा स्टुलावर लॅपटॉप ठेवून तो बघत बसलो होतो. भाचा अकरा वर्षांचा. शाळेतून थेट आमच्याकडे आलेला, पायात अजून शाळेचे मोजे, मांडीवर भडंगाचा वाडगा. डावात तसा जीव उरला नव्हता. दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट. गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं, पण प्यादी सगळी एकाच बाजूला. असले डाव बरोबरीत सुटतात, एवढं चाळीस वर्षं पट बघून मलाही कळतं. बरोबरी फोडायला उद्या जलद डाव होणार, त्यासाठी रजा टाकावी का, हा विचार मी करत होतो. तेवढ्यात डिंगनं हत्ती एफ-दोनवर आणून ठेवला. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. हत्तीला हत्ती घालवायचा आणि बरोबरी आणखी जवळ आणायची, एवढंच. पण स्क्रीनच्या कडेला जी उभी पट्टी असते, अर्धी पांढरी अर्धी काळी, कोण वरचढ ते संगणकाचं इंजिन जिच्यावर दाखवतं, ती धाडकन काळी झाली. काळी मोहरी गुकेशची. भाचा भडंग सांडत उठला आणि ओरडला, "घालवला की यानं! येडा आहे का हा? एवढं दिसत नाही?"

मी पट्टी सोडून गुकेशच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्या चेहऱ्यावर अजून काहीच नव्हतं. नंतर त्यानं स्वतःच सांगितलं की तो हत्ती बी-तीनवर नेण्याच्या बेतात होता, आणि मग त्याला दिसलं. दिसलं तेव्हा त्याचे डोळे कसे झाले ते नंतर सगळ्यांनी शंभर वेळा पाहिलं. तो पाणी प्यायला, हातपाय आवरून बसला, जणू हललो तर हे हातातून निसटेल. पण त्याआधीचे काही क्षण माझ्या मनातून जात नाहीत. त्या क्षणांत पटाशी बसलेल्या दोघांनाही ठाऊक नव्हतं की जगज्जेतेपद इकडून तिकडे गेलंय. सांगलीतल्या एका पोराला मात्र ते ठाऊक होतं, आणि त्या पोराला परवाच क्लासच्या स्पर्धेत सहापैकी अडीच गुण मिळाले होते.

"का गेला रे डाव?" मी विचारलं.

"पट्टी खाली गेली ना."

"ते दिसलं. पण का?"

त्यानं खांदे उडवले. "इंजिन म्हणतंय."

माणूस वरचढ की यंत्र, हा वाद आमच्या घरात मी शाळेत असल्यापासून चालू होता. एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला शेजारचे काका. बाबा टेलिफोन खात्यात होते, काका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. बाबा त्यांना 'प्रोफेसर' म्हणायचे, ते बाबांना 'ऑपरेटर'. रविवारी सकाळी गॅलरीत पट मांडला जायचा. सागवानी पट, कडेला चहाच्या कपाच्या गोल डागांची रांग. सोंगट्यांत एक पांढरा उंट कधीच्या काळी हरवला होता, त्याच्या जागी औषधाच्या बाटलीचं बूच. पैज अशी होती की यंत्रानं जगज्जेत्याला हरवलं तर महिनाभर भडंग बाबांनी आणायचं, तोवर काकांनी. प्रत्यक्षात भडंग कायम काकाच आणायचे, कारण बाबांनी कुठलाच निकाल शेवटपर्यंत मान्य केला नाही.

बाबांचा दारूगोळा तसा कमी नव्हता. १९८५ मध्ये हॅम्बुर्गला कास्पारोव्ह एकाच वेळी ३२ यंत्रांशी खेळला होता आणि ३२ च्या ३२ डाव त्यानं जिंकले होते. १९८९ मध्ये डीप थॉट नावाच्या यंत्राला त्यानं दोन्ही डावांत लोळवलं. त्याहून बाबांची आवडती गोष्ट डेव्हिड लेव्ही या स्कॉटिश खेळाडूची. त्यानं १९६८ मध्ये संगणकवाल्या प्राध्यापकांशी पैज मारली की दहा वर्षांत कुठलंही यंत्र मला हरवू शकणार नाही, आणि १९७८ मध्ये खरोखर जिंकूनही दाखवली. हे सांगताना बाबा गॅलरीच्या कठड्यावर चापट मारायचे. पुढचा भाग ते गाळायचे, तो काका पुरवायचे: याच लेव्हीला १९८९ मध्ये डीप थॉटनं चार डावांत एकही गुण घेऊ दिला नाही. दहाऐवजी एकवीस वर्षं लागली, एवढंच.

काकांकडे एक हुकमी पत्ता होता, तो ते जपून वापरायचे. "ऑपरेटर, तुमच्या ट्रंक बोर्डावरच्या बायका कुठे गेल्या हो?" बाबांच्या डोळ्यांदेखत तो बोर्ड गेला होता. कानाला हेडफोन लावून, दोऱ्या खुपसत, 'मुंबई लागत नाही, नंतर जोडते हं' म्हणणाऱ्या बायकांच्या जागी कपाटं आली, कपाटांतली टकटक आली, मग तीही गेली आणि वातानुकूलित खोलीत नुसते दिवे लुकलुकू लागले. त्या बायकांतल्या काही चौकशीच्या खिडकीवर गेल्या, काही बिलांच्या टेबलावर. बाबा या प्रश्नावर थोडा वेळ गप्प बसायचे आणि म्हणायचे, "एक्स्चेंज नंबर लावून देतं प्रोफेसर, बोलत नाही." त्यावर काका म्हणायचे, "बोलायचं कुणाला असतं? काम झाल्याशी मतलब." मला तेव्हा हा टोला काकांनी जिंकल्यासारखा वाटायचा. आता तेवढी खात्री वाटत नाही.

मग १९९७ चा मे आला. उकाडा मी म्हणत होता, आमची लाईट दुपारभर जायची, आणि न्यूयॉर्कला जगज्जेता कास्पारोव्ह आयबीएम कंपनीच्या डीप ब्लू या यंत्रासमोर बसला होता. आदल्या वर्षी फिलाडेल्फियात तो ४–२ असा जिंकला होता, त्यामुळे बाबा निर्धास्त होते. दुसऱ्या डावाची बातमी आली तेव्हा त्यांनी खेळ्या वर्तमानपत्रातून वहीत उतरवल्या आणि पटावर लावून पाहिल्या. त्या डावात यंत्र एखाद्या जुन्या रशियन उस्तादासारखं खेळलं होतं. आयतं प्यादं समोर असताना न घेता त्यानं जागा आवळत आणली होती. कास्पारोव्हनं डाव सोडला. नंतर लोकांनी शोधून काढलं की सोडला त्या स्थितीत शहावर शह देत बरोबरी साधायची वाट होती. म्हणजे जगज्जेता बरोबरीत असलेला डाव सोडून उठला होता, कारण एवढं खेळणाऱ्यानं अशी फट ठेवली असेल हे त्याला पटलंच नाही. पत्रकारांसमोर त्यानं मॅराडोनानं हातानं केलेल्या त्या 'देवाच्या हाता'च्या गोलाची आठवण काढली. बाबांना तेवढंच हवं होतं. "आत माणूस बसवलाय," ते म्हणाले. आई आतून म्हणाली, "एवढ्याशा खोक्यात?"

सहावा डाव १९ खेळ्यांत आटपला. घोडा ई-सहावर मारला गेला आणि काळ्याचा राजा मधेच उघडा पडला. तो घोड्याचा बळीही यंत्रानं पटावर विचार करून शोधलेला नव्हता, डावाच्या सुरुवातीसाठी आधी भरून ठेवलेल्या खेळ्यांमधला होता. साडेतीन–अडीच. सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासणारं ते यंत्र पुन्हा खेळलं नाही. कंपनीनं परतीचा सामना नाकारला आणि ते निवृत्त केलं. बाबांचे मुद्दे तयारच होते. मधल्या रात्री यंत्रात बदल करायची मुभा होती, यंत्राच्या सरावाचे डाव कास्पारोव्हला बघायला मिळाले नव्हते, आणि माणूस दमतो. सगळे मुद्दे खरे होते. तरी त्या रविवारी काकांनी भडंग आणलं नाही. ते नुसतेच येऊन बसले. बाबांनी पट मांडला, आणि कुणी काही बोललं नाही. मला आठवतं, काका त्या दिवशी अगदीच वाईट खेळले. मुद्दाम की काय, हे मी कधी विचारलं नाही.

वर्षभरानं इटलीत इस्किया बेटावर आपला विश्वनाथन आनंद रिबेल नावाच्या प्रोग्रामशी खेळला आणि ५–३ असा हरला. पण बाबांनी फोड करून दाखवली. झटपट डावांत यंत्र पुढे, आणि भरपूर वेळ असलेल्या दोन डावांत आनंद दीड–अर्धा असा पुढे. "माणसाला वेळ द्या," बाबा म्हणाले, "मग बघा." मला वाटतं, त्या सगळ्या वादातलं हे त्यांचं सगळ्यात शहाणं वाक्य होतं, पण बोलताना ते हरल्यासारखे बोलले. २००२ मध्ये बहारीनला क्रामनिकनं डीप फ्रिट्झशी ४–४ बरोबरी केली, पुढच्या वर्षी कास्पारोव्हनं डीप ज्युनिअरशी ३–३. या बरोबऱ्यांवर बाबांनी दोनेक वर्षं काढली. मग २००५ मध्ये लंडनला मायकेल ॲडम्ससारखा जगातल्या पहिल्या दहांत मोडणारा खेळाडू हायड्रा नावाच्या यंत्रासमोर सहा डाव बसला. त्याला अर्धा गुण मिळाला. अर्धा. बाबांनी ते कात्रण कापलं, पण वहीत चिकटवलं नाही.

आणि बॉन, २००६. क्रामनिक तेव्हा जगज्जेता. डीप फ्रिट्झविरुद्धचा दुसरा डाव, काळी मोहरी, स्थिती उत्तम. त्यानं वजीर पुढे नेला, शांतपणे खुर्चीतून उठला, आणि यंत्राच्या वतीनं बसलेल्या माणसानं वजीर एच-सातवर ठेवून मात केली. एका खेळीतली मात, आम्ही पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो तसली. जाणकार म्हणाले की पांढरा घोडा एफ-आठवर बसून एच-सातला जोर देतोय, हे चित्र डावांत इतकं क्वचित येतं की त्याच्या डोळ्यांना ते मात होण्याचं चित्र म्हणून ओळखताच आलं नाही. बाबांना तोवर मोतीबिंदू झाला होता, मी मोठ्यानं वाचून दाखवलं. वाटलं, खचतील. ते चक्क हसले. पोट धरून हसले. "हरला," ते म्हणाले, "पण बघ कसा हरला. आपल्यासारखा!" त्यानंतर यंत्र की माणूस हा विषय त्यांनी काढला नाही. काकांनीही नाही. भडंग मात्र चालू राहिलं.

(डिंगच्या त्या खेळीवर या क्रामनिकनंच जाहीरपणे नाक मुरडलं, बुद्धिबळच संपलं असा सूर लावला. बाबा असते तर त्यांनी बॉनचं कात्रण काढून त्याला पोस्टानं पाठवलं असतं.)

बाबा २०११ मध्ये गेले. तोवर वादाचं काही उरलंच नव्हतं. २००९ मध्ये ब्युनोस आयर्सच्या एका स्पर्धेत एका मोबाईल फोनवरच्या प्रोग्रामनं दहापैकी साडेनऊ गुण मिळवले होते. तो फोन सेकंदाला वीस हजारसुद्धा स्थिती तपासत नव्हता, म्हणजे डीप ब्लूच्या तुलनेत अगदीच आळशी, पण कुठे बघायचं नाही हे त्याला कळत होतं. उस्तादाचीही हीच तर खूण. आज लोक विचारतात, नॉर्वेचा कार्लसन विरुद्ध स्टॉकफिश हे इंजिन असा सामना झाला तर किती फरकानं? कार्लसननं २०१४ च्या मे महिन्यात गाठलेलं २८८२ हे माणसानं मिळवलेलं सर्वोच्च रेटिंग, म्हणजे ताकदीचा आकडा. इंजिनांच्या याद्यांत वरची मंडळी ३६०० च्या आसपास असतात. पण हे दोन आकडे म्हणजे दोन गावच्या पायल्या. इंजिनं इंजिनांशीच खेळून ते आकडे कमावतात, माणसांच्या गावात ती धान्य मोजायला येतच नाहीत. तरी पायली तीच धरली तर हिशेब असा पडतो: ४०० गुणांचा फरक असेल तर वरचढाला दहात नऊ गुण, आणि सातशेचा असेल तर शंभर डावांत खालच्याच्या पदरात एकदोन गुण, तेही बरोबऱ्या करून करून. पट मांडायचे कष्ट कोण घेणार?

म्हणून आता ताकद वेगळ्या मापानं मोजतात. किती देऊन खेळतोस, या मापानं.

हे मात्र मला ओळखीचं आहे. आमच्याकडे थोरांनी पोरांशी खेळायची रीतच ती होती. आजोबा तर देशी पद्धतीनं खेळायचे. प्यादं पहिल्या खेळीला दोन घरं उडत नसे, राजाला शह बसलेला नसेल तर एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येई, आणि प्याद्यानं मात केली की आजोबा उठून अंगणात जाऊन यायचे, इतका आनंद. बाबा माझ्याशी वजीर काढून खेळायचे. पट मांडून झाला की स्वतःचा वजीर उचलायचे आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचे. तो खिशाला आलेला फुगवटा मला अजून दिसतो. मी नववीत गेलो तेव्हा वजीर खिशातून पटावर आला आणि हत्ती खिशात गेला. मग घोडा. मग नुसतं एक प्यादं. आणि अकरावीच्या सुट्टीत एका रविवारी त्यांनी सगळ्या सोंगट्या मांडल्या आणि खिशात काहीच टाकलं नाही. मी वाट बघत होतो. ते म्हणाले, "चल ना, पांढरे तुझे." तो डाव मी बावीसेक खेळ्यांत हरलो. दहावीच्या निकालाच्या दिवशी वाटलं नव्हतं ते त्या दिवशी वाटलं. पुढे कधीतरी काटा फिरला. मी जिंकू लागलो, मग सहज जिंकू लागलो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर एकदा त्यांच्यासाठी पट मांडताना माझा हात नकळत माझ्या घोड्याकडे गेला. त्यांनी पाहिलं. "ठेव तो," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. मी ठेवला, आणि तो डाव मी जाणूनबुजून लांबवला. तेही त्यांना कळलं असणार.

२०१६ मध्ये हिकारू नाकामुरा कोमोडो नावाच्या इंजिनाशी चार डाव खेळला. इंजिननं प्रत्येक डावात काहीतरी सोडलं होतं, कधी प्यादं, कधी सुरुवातीच्या खेळ्या. नाकामुरा तेव्हा जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी. तो अडीच–दीड असा हरला. अलीकडे लीला नावाचं इंजिन आहे, ते पहिल्यापासूनच एक घोडा कमी घेऊन बसतं आणि जलद डावांत ग्रँडमास्टरांना हरवतं. (नाव ऐकून आई म्हणाली, "मग बरोबर आहे, लीला अगाध.") ते डाव मी बघतो तेव्हा मला आधी खिशातला फुगवटा आठवतो आणि लगेच फरकही जाणवतो. घोडा देऊन बसलेलं इंजिन समोरच्याला शिकवत नसतं. त्याला एकच गोष्ट शिकवलेली असते, समोर माणूस आहे, गुंता वाढव, तो चुकेल. बाबाही गुंता वाढवायचे, पण मी चुकीच्या घराकडे हात नेला की खोकायचे. त्या खोकल्याला रेटिंगमध्ये जागा नाही. मी हे यंत्राची उणी काढायला म्हणत नाही. खोकल्याची सवय लागल्यामुळे खऱ्या स्पर्धांमध्ये माझे हाल झाले, हेही सांगायला हवं.

आणि यंत्रानं दिलं ते थोडं नाही. २०१७ च्या डिसेंबरात अल्फाझीरो नावाच्या प्रोग्रामची बातमी आली. फक्त नियम सांगितलेले, माणसांचा एकही डाव दाखवलेला नाही, स्वतःशीच खेळत चार तासांत ते स्टॉकफिशच्या वर गेलं. शंभर डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत, हरला एकही नाही. त्यातले काही डाव मी बाबांच्या पटावर लावून पाहिले आणि अंगावर काटा आला. कडेचं प्यादं बेधडक पुढे रेटत न्यायचं, दोन प्यादी सहज सोडून द्यायची, आणि समोरच्याच्या सोंगट्या जिवंत असून मेल्यासारख्या करून टाकायच्या. आम्हाला लहानपणी सांगितलं जायचं की यंत्र म्हणजे हिशेबी वाणी, एक प्यादं सोडणार नाही. आणि हे तर एखाद्या लहरी संस्थानिकासारखं उधळत होतं! कास्पारोव्हलाही तो खेळ आपल्या जातकुळीचा वाटला, आणि कार्लसननं त्यातून घेतलेलं त्यानं लपवलं नाही. पुढे २०२० मध्ये स्टॉकफिशनंही तसलं छोटं जाळं, म्हणजे शिकून तयार होणारं न्यूरल नेटवर्क, पोटात घातलं. ती युक्ती मुळात यू नासू या जपानी माणसानं शोगीसाठी, म्हणजे त्यांच्या बुद्धिबळासाठी काढलेली. आज सांगली-मिरजेतल्या कुठल्याही पोराच्या फोनवर जे फुकट आहे ते डीप ब्लूच्या मागची अख्खी फौज विकत घेऊ शकली नसती. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. तिच्या पिढीला घरबसल्या जो सराव मिळतो त्याची आम्हाला कल्पनाही नव्हती. आमच्या वेळी डाव संपल्यावर कुठे चुकलं हे विचारायला सायकल काढून कुणाकडे तरी जावं लागायचं, आणि तो कुणीतरीही अर्धं चुकीचं सांगायचा. त्या अर्ध्या चुकीच्या गोष्टींवर मी आयुष्यभर खेळलो.

पण गुकेशचीच गोष्ट घ्या. त्याच्या प्रशिक्षकांनी, विष्णु प्रसन्नांनी, त्याला लहानपणी बरीच वर्षं इंजिनापासून लांब ठेवलं. आधी स्वतः हिशेब करायचा, चुकायचा, पुन्हा करायचा. तेव्हा अनेकांना हा वेडेपणा वाटला. त्या १२ डिसेंबरला त्याला उत्तर यायला जे काही क्षण जास्त लागले, त्या क्षणांत त्याच्यासमोर पट्टी नव्हती, आणि डिंगचा कोपऱ्यात अडकलेला उंट त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

भाच्यावर मी रागावलो नव्हतो. त्याच्या वयाचा मी असतो तर मीही ओरडलो असतो. मला टोचलं ते वेगळंच. पट्टी काळी झाल्यावर मीसुद्धा मनात म्हटलं होतं, 'अरे, काय हे.' खेळी मलाही कळली नव्हती. तरी डिंग लिरेनबद्दल मला कीव आली होती, अगदी वरून बघितल्यासारखी. कास्पारोव्हनं डाव सोडला तेव्हा बाबा आणि काका रात्र रात्र पटाशी बसून भांडले होते, कारण खरं काय ते दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. चूक समजायला त्यांना आठवडा लागायचा, त्यामुळे चुकणाऱ्याचा मान आठवडाभर तरी टिकायचा.

रविवारी मी माळ्यावरून बाबांचा पट काढला. धूळ पुसली, चहाचे डाग गेले नाहीत. भाचा आला तेव्हा डिंगच्या त्या खेळीनंतरची स्थिती मांडून ठेवली होती. पांढरा उंट पटाच्या पार कोपऱ्यात, ए-आठवर. तिथे बूच ठेवलं होतं.

"हे काय?" त्यानं बूच उचललं.

"उंट. आता सांग, का गेला डाव?"

पहिली दहा मिनिटं त्याचा हात खिशाकडे जात होता, पण फोन ताईनं काढून घेतला होता. मग तो पोटावर पालथा पडून बघू लागला. हत्तीला हत्ती मारला. पांढऱ्याच्या राजानं मारलं. मग पुन्हा अडकला. मी खोकलो नाही, खोकायचा मोह मात्र फार झाला. चहा झाला, आईनं दोनदा डोकावून पाहिलं, आणि मग त्यानं काळा उंट अलगद सरकवत डी-पाचवर आणला, बुचाच्या थेट समोर, एकाच तिरप्या रेषेवर. "हा पळूच शकत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "उंट मारायलाच लागतो. मग राजा मारतो. मग नुसती प्यादी." आणि गप्प झाला. बूच पटाबाहेर गेलं. राजासमोर राजा, मधे एक घर. सिंगापूरला डिंगनं इथेच हात पुढे केला होता.

"पण इथे कुठे हरलाय?" भाचा म्हणाला. "दोन प्यादी आहेत की अजून. मी खेळतो पांढऱ्याकडून. तू जिंकून दाखव."

आता ही स्थिती काळ्यानं जिंकलेली आहे, हे जगात सगळ्यांना ठाऊक होतं. मीही ऐटीत बसलो. राजा पुढे घेतला, एक प्यादं ढकललं. त्यानं राजा आडवा आणला. मी आणखी एक ढकललं. तो डोकं खाजवत होता, ओठ चावत होता, एकेका खेळीला पाच पाच मिनिटं घेत होता, आणि मला वेळ घालवल्याचा कंटाळा यायला लागला होता. मी घाईनं एक मारामारी केली. मग दिसलं की माझं उरलेलं प्यादं कडेला गेलंय आणि त्याचा राजा त्याच्यापुढे कोपऱ्यात जाऊन बसलाय. हलवावं तर कोंडमारा, न हलवावं तर प्यादं जातंय. बरोबरी. इंजिनानं जिंकलेला डाव मी अर्ध्या तासात बरोबरीत आणून दाखवला होता.

भाचा उठून नाचला नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. तो पटाकडेच बघत होता. कुठे चुकलं ते मला कळेना, आणि मी सवयीनं शर्टाच्या खिशातला मोबाईल काढला.

"मामा, थांब ना," त्यानं माझं मनगट धरलं. "बघू नकोस. परत मांड. आता काळे माझे."